मनोविकार, रक्तचाचणी आणि रोजच्या सवयी

मनोविकाराचे निदान रक्ताच्या तपासणीतून व्हावे, हे वैद्यकशास्त्राचे जुने स्वप्न आहे. १९५७ मध्ये ते साकार होत असल्याचा भास झाला. मनोरुग्णांच्या रक्तद्रवात विशिष्ट रसायन मिसळल्यास त्याचा रंग निरोगी व्यक्तींच्या तुलनेत लवकर पालटतो, असे स्वीडनचे संशोधक स्टिग ओकरफेल्ट यांनी दाखविले. स्किझोफ्रेनियाची रक्तचाचणी हाती आली, अशी आशा निर्माण झाली. कारण मात्र भलतेच निघाले. ही रंगक्रिया सेरुलोप्लाझ्मिन या तांबेयुक्त प्रथिनामुळे घडते आणि 'क' जीवनसत्त्व तिला रोखते. वर्षानुवर्षे रुग्णालयात राहणाऱ्यांच्या आहारात नेमकी त्याचीच उणीव असे. म्हणजे चाचणीने पकडले ते बहुतांशी ताट, आजार नव्हे! अमेरिकी संशोधक सेमूर केटी यांनी १९५९ मध्ये अशा संशोधनाचा परखड आढावा घेऊन आहार, औषधे व रुग्णालयातील वास्तव्य यांच्या परिणामांकडे लक्ष वेधले.

ती अडचण आजही सुटलेली नाही. शरीरातील दाह दर्शविणारे 'सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन' हे यकृतात तयार होणारे प्रथिन नैराश्यग्रस्तांच्या रक्तात सरासरीने अधिक आढळते. परंतु स्थूलता, धूम्रपान, हिरड्यांचे दुखणे यांनीही ते वाढते. लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक प्रमाण दिसल्यास संसर्गाची शंका घेऊन असे नमुने अनेकदा वगळले जातात.

कॉर्टिसॉल हे संप्रेरक तर घड्याळाच्या तालावर चालते. जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या तासात ते उच्चांक गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकी असते. त्यामुळे रात्रपाळी करणाऱ्याचे आणि पहाटे उठणाऱ्याचे रक्त सकाळी नऊ वाजता घेतले, तरी तुलना सरळ राहत नाही. त्यात कॉफी आणि सुईची धास्ती यांची भर पडते. मज्जापेशींना पोषक ठरणारे 'बीडीएनएफ' हे प्रथिनही व्यायामानंतर काही काळ वाढते.

यावर उपाय म्हणून संशोधक नमुन्याची वेळ ठरवितात, उपवास सांगतात आणि वजन व धूम्रपानाचा प्रभाव गणिताने वजा करतात. ही वजाबाकी वाटते तितकी निर्दोष नाही. अनेक मनोविकारविरोधी औषधांनी वजन वाढते, नैराश्याने हालचाल मंदावते, झोप बिघडते. सवयींचा परिणाम पुसताना आजाराचाही काही अंश पुसला जातो. तो किती, हे ठरविण्यासाठी त्याच व्यक्तीचे रक्त आजारापूर्वी, आजारात व बरे झाल्यावर तपासावे लागते, आणि आजारापूर्वीचा नमुना क्वचितच उपलब्ध असतो.