खोडदची राखलेली शांतता

१९८०च्या दशकात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी एका महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी जागा शोधत होते. माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट जिथे कमी, असा मुलूख त्यांना हवा होता. तो जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला खोडदला मिळाला. डोंगरांचा आडोसा, मोठे कारखाने नाहीत आणि पुणे-मुंबईही आवाक्यात. ४५ मीटर व्यासाच्या ३० जाळीदार तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात उभ्या राहिल्या. जीएमआरटी या नावाने त्या जगभर ओळखल्या जातात.

आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की विजेच्या तारेवरची एखादी ठिणगीही त्यांना झाकून टाकते. बिघडलेले टीव्ही बूस्टर, केबलची गळती, मोबाइलचे मनोरे, वरून जाणारे उपग्रह या सगळ्यांचा त्रास इथे सोसावा लागला. बूस्टर लावणाऱ्या घराला आपण कुणाचे काही बिघडवतो आहोत, याची कल्पनाही नसे. म्हणून अभियंत्यांनी गोंगाटाचे उगम हुडकले, वीज खात्याला सदोष जोडण्या दाखवल्या, मोबाइल कंपन्यांशी बोलणी केली. तरीही जे उरते, ते संगणक गाळून काढतो. आणि प्रत्येक गाळणीत थोडे निरीक्षणही वाया जाते.

संगणकाच्या जगात सामाईक माध्यमातल्या गोंगाटाचा हाच प्रश्न त्याआधीच उभा राहिला होता. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना, कुणी मागितलेली नसताना, पाठवली. नोव्हेंबर १९८८मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम स्वतःच्याच प्रती काढत सुटला आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. काही नष्ट करण्याचा हेतू नव्हता, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. १९९०मध्ये तो दोषी ठरला. निकाल योग्यच होता. जे माध्यम सर्वांचे आहे, ते अडवणाऱ्याचा हेतू कसाही असो, किंमत मात्र ज्याच्या दारात गोंगाट पोहोचतो त्यालाच मोजावी लागते. तरीही उपाय वेगळे हवेत. बूस्टरवाल्या घराला कळवले की ते सुधारते. जाणूनबुजून लाखो संदेश लोटणारा सुधारत नाही. दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.

नियमांनाही मर्यादा आहेत. हायड्रोजनचा संकेत १४२० मेगाहर्ट्झला असतो आणि त्या भोवतालचा पट्टा जगभर राखीव आहे. पण विश्व प्रसरण पावते तसा दूरच्या दीर्घिकांचा संकेत खाली सरकतो. २०२३ साली जाहीर झालेल्या शोधात जीएमआरटीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत टिपला. तो ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे राखीव पट्ट्याच्या कितीतरी खाली सापडला. तिथे जगभर राखीव पट्ट्याचे संरक्षण नाही. खोडदच्या आसपासच्या माणसांनी राखलेली शांतताच कामी येते.

या शांततेची किंमत जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्याने दिली आहे. दुर्बिणीभोवती ३० किलोमीटरच्या परिघात उद्योगांवर निर्बंध आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मार्गही दुर्बिणीच्या कारणाने बाजूला पडला, आणि या पट्ट्यातले लोक त्यासाठी आवाज उठवत आहेत. दुर्बीण राहिलीच पाहिजे. पण जगाच्या विज्ञानासाठी या दोन तालुक्यांनी जे सोडले, त्याची भरपाई रोजगार आणि दळणवळणाच्या दुसऱ्या वाटांनी करणे हे सरकारचे देणे आहे, आणि ते अजून फिटलेले नाही.