‘सूर्यकिरण’ : बिदरहून उडणारी नऊ विमानं आणि आपल्या पोरांना तिथवर जायची वाट

पाचोड : दरवर्षी १५ ऑगस्ट जवळ आला की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. निळी विमानं रांगेत येतात, मागे रंगीत धूर सोडतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आपल्या हवाई दलाची कमाल’. नीट बघा. त्या धुरात हिरवा, पांढरा आणि लाल असे रंग असतील, तर ती विमानं इटलीची आहेत. त्यांच्या झेंड्याचे रंग आपल्या तिरंग्यासारखे वाटतात, म्हणून घोळ होतो. दुसरा व्हिडिओ असतो लालभडक विमानांचा. ते इंग्लंडचं ‘रेड अॅरोज’ पथक. त्यात तर आणखी फसायला होतं, कारण त्यांचं विमान आणि आपलं विमान एकाच जातीचं, हॉक.

आपल्या पथकाचं नाव ‘सूर्यकिरण’. विमानं लाल-पांढरी, संख्या नऊ. आणि त्यांचं घर दिल्लीत नाही, आपल्या शेजारीच आहे : कर्नाटकातलं बिदर. उदगीर, देवणीच्या पलीकडे गेलं की बिदर जिल्हा लागतो. निजामाच्या राजवटीत मराठवाडा आणि बिदर एकाच हैदराबाद संस्थानात होते. भालकी, औराद, बसवकल्याण भागात आजही घराघरात मराठी बोलली जाते. त्या बिदरच्या हवाई तळावर २७ मे १९९६ रोजी हे पथक उभं राहिलं. हवाई दलाच्या ५२ व्या स्क्वाड्रनचा ते भाग आहे. ब्रीदवाक्य ‘सदैव सर्वोत्तम’.

याआधीही असं एक पथक होतं. १९८२ मध्ये हवाई दलाला ५० वर्षं झाली तेव्हा हंटर विमानांचं ‘थंडरबोल्ट्स’ पथक तयार झालं होतं. काही वर्षांनी ते बंद पडलं. नंतर सूर्यकिरण आलं, ते आपल्याच एचएएल कारखान्यात बनलेल्या ‘किरण’ या प्रशिक्षण विमानावर. सुरुवातीला सहा विमानं होती, १९९८ पासून नऊ झाली.

२०११ मध्ये मात्र हे पथकही थांबवावं लागलं, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. नव्या वैमानिकांना शिकवायची दुसरी विमानं अपघातांमुळे जमिनीवर बसवली होती. शिकवायला विमानं कमी पडली, म्हणून कसरतीची किरण विमानं शिकवणीच्या कामाला लावली. घरात एकच ट्रॅक्टर असेल तर तो आधी पेरणीला जातो, मिरवणुकीला नाही, तसंच हे. चार वर्षांनी, ८ ऑक्टोबर २०१५ च्या हवाई दल दिनाला, हिंडन तळावर चार हॉक विमानं घेऊन सूर्यकिरण परत दिसलं. पुढे टप्प्याटप्प्याने पुन्हा नऊ झाली. हॉक विमानाची रचना इंग्लंडची, पण बांधणी बंगळुरूच्या एचएएलमध्ये झाली.

आता धुराचं. गावात डेंग्यूची साथ आली की ग्रामपंचायत फॉगिंग मशीन फिरवते, ते आठवा. गरम नळीत डिझेलमिश्रित औषध सोडलं की त्याची वाफ होते आणि बाहेर येताच पांढरा धूर पसरतो. विमानातही तत्त्व हेच. जेट इंजिनाच्या तापलेल्या झोतात तेल सोडतात. रंग हवा असेल तर त्यात रंगद्रव्य मिसळतात. सूर्यकिरणचा केशरी-पांढरा-हिरवा धूर अलीकडच्या काळातला आहे, आणि त्यासाठी विमानाला लावायचे पॉड हवाई दलाच्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाले. म्हणजे आकाशातल्या त्या तिरंग्यात महाराष्ट्राचं काम आहे. ही गोष्ट आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही.

नऊ विमानं एकमेकांना न धडकता उडतात कशी? पुढे बघतो फक्त लीडर. बाकीचे वैमानिक समोरचा रस्ता बघतच नाहीत, त्यांची नजर शेजारच्या विमानावर खिळलेली असते. त्या विमानाच्या ठरावीक खुणा जुळवून ते आपली जागा धरतात. लीडर रेडिओवर ठरावीक लयीत हुकूम देतो आणि त्या लयीवर सगळे हात एकदम हलतात. लेझमीत हलगीकडे कान ठेवून पाय टाकतात तसंच, फक्त इथे वेग ताशी काहीशे किलोमीटर आणि दोन विमानांमधलं अंतर कधीकधी पाच मीटरच्या आसपास. आपल्या दारातल्या दोन बैलगाड्या त्यापेक्षा लांब उभ्या असतात.

सगळ्यात श्वास रोखायला लावणारी कसरत दोन विमानांची असते. एक पूर्वेकडून येतं, दुसरं पश्चिमेकडून, आणि प्रेक्षकांच्या समोर ती एकमेकांना ओलांडतात. समजा दोघांचा वेग ताशी ५०० किलोमीटर आहे. मग त्यांच्यातलं अंतर ताशी हजार किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला पावणेतीनशे मीटरहून जास्त वेगाने कमी होतं. वळणात अंगावर येणारा भार वेगळाच. चार पट भार आला तर ७० किलोच्या माणसाला २८० किलोचं ओझं वाटतं. रक्त डोक्यातून पायाकडे ओढलं जातं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून वैमानिक पाय आणि पोट आवळून धरणारा खास सूट घालतात.

आणि एक शंका. कधी आकाशात कडाड्कन धमाका होऊन घराची तावदानं हादरतात, तो सूर्यकिरणचा नसतो. तसा आवाज विमान ध्वनीपेक्षा जास्त वेगाने गेलं तर होतो. सूर्यकिरणच्या कसरती त्यापेक्षा बऱ्याच कमी वेगात होतात.

टाळ्या वाजवताना हेही माहीत असावं की या पथकाने माणसं गमावली आहेत. मार्च २००६ मध्ये बिदरजवळ सरावात विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वाड्रन लीडर शैलेंदर सिंग गेले. जानेवारी २००९ मध्ये बिदरजवळच विंग कमांडर आर. एस. धालीवाल. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूच्या येलहंका तळावर ‘एअरो इंडिया’च्या आदल्या दिवशी सराव चालू असताना दोन हॉक एकमेकांवर आदळली. विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. विंग कमांडर विजय शेळके आणि स्क्वाड्रन लीडर तेजेश्वर सिंग विमानातून बाहेर फेकले गेले म्हणून वाचले.

या कसरती बघायच्या कुठे? तिकीट काढून बघायचा हा खेळ नाही, हवाई दल शहर ठरवतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपूरला वायुसेनानगरात, जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर प्रदर्शन झालं. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्याआधी स्टेडियमवरून गेलेली नऊ विमानं यांचीच. (सामन्याचं काय झालं ते सोडा.) जवळपास कुठे प्रदर्शन लागलं आणि पोरं घेऊन निघालात, तर पाणी आणि टोपी घरूनच न्या. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखो लोक भर उन्हात जमले होते, त्या दिवशी पाच जणांचा जीव गेला. विमानांमुळे नाही, ऊन आणि गर्दीमुळे. म्हाताऱ्या माणसांना पुढे रेटू नका, आणि ड्रोन तर अजिबात उडवू नका.

शेवटचा प्रश्न मोसंबी मार्केटवर बसलेला कुठलाही बाप विचारेल : आमच्या पोराला हे जमेल का? सूर्यकिरणमध्ये थेट भरती नसते. आधी हवाई दलात लढाऊ वैमानिक व्हावं लागतं, मग अनुभव घेऊन पथकासाठी नाव द्यायचं. पथकातले बहुतेक वैमानिक स्वतः इतरांना उड्डाण शिकवणारे असतात. बारावीनंतरचा रस्ता खडकवासल्याच्या एनडीएतून जातो. तिथून हैदराबादजवळच्या दुंडिगलची हवाई दल अकादमी, आणि लढाऊ विमानांसाठी निवडलेल्यांचं हॉकवरचं शिक्षण पुन्हा बिदरलाच. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही हवेत. उंची, पायांची लांबी, नजर सगळं मोजतात. रंग ओळखता येत नसतील तर वैमानिक होता येत नाही, त्यामुळे ही तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरकडून आधीच करून घेतलेली बरी.

या एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, आपल्या छत्रपती संभाजीनगरातच १९७७ पासून चालू आहे. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली, आणि एनडीएत मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे. एसपीआयमध्ये अकरावी-बारावीची दोन वर्षं तयारी करून घेतात. निवड लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून होते. अर्ज मात्र मुलगा दहावीत असतानाच भरायचा असतो. दहावीचा निकाल लागल्यावर चौकशीला गेलात तर त्या वर्षाची वेळ निघून गेलेली असते.