गादीदार आसनें आणि त्यांतील धूळ

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु ज्या खुर्चीवर बसून तह लिहिले गेले, ती खुर्ची कोणी झाडली व कशी झाडली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज तोच प्रश्न मी आपणांपुढें मांडणार आहें.

आपली जुनी बैठक आठवून पाहा. जमिनीवर गादी, तिच्यावर पांढरी चादर, भिंतीशीं लोड आणि तक्क्ये. ह्या मांडणींत एक मोठें शहाणपण होतें. तें हें कीं, तींतील प्रत्येक वस्तु सुटी असे. चादरी व अभ्रे धुवावयास काढावे, गादीला ऊन दाखवावें, कापसाचे गोळे झाले कीं पिंजाऱ्यास बोलवावें. युरोपांतील गादीदार खुर्च्या व कोच ह्यांची गोष्ट निराळी. तेथें घोड्याचे केस आंत भरून वरचें कापड लांकडी सांगाड्याला खिळ्यांनीं जखडीत. १८२८ सालीं सॅम्युएल प्रॅट ह्यानें इंग्लंडांत आसनाच्या मळसूत्री स्प्रिंगांचें पेटंट घेतलें, आणि पुढें हीं आसनें अधिकच जाड व फुगीर होत गेलीं. बसणाराचें सुख वाढलें, तसे झाडणारीचे कष्टहि वाढले.

जें धुतां येत नाहीं तें झांकावें, हा पहिला उपाय. अठराव्या शतकांतील श्रीमंत घरांतून रेशमी आसनांवर साध्या सुती खोळी चढवीत आणि थोर पाहुणा आला म्हणजेच त्या उतरवीत. पुढच्या शतकांत पुरुष केसांना ‘मॅकासर’ नांवाचें तेल चोपडूं लागले. सुलावेसी बेटावरील मकासर बंदरावरून हें नांव पडलें. त्या तेलाचे डाग खुर्चीच्या पाठीवर पडूं नयेत म्हणून स्त्रियांनीं विणलेले रुमाल तेथें टाकले व त्यांना ‘अँटिमॅकासर’, म्हणजे मॅकासरचे वैरी, असें नांव मिळालें. आपल्याकडील दिवाणखान्यांत कोचांच्या पाठीवर जे क्रोशाचे रुमाल दिसत आले, ते ह्याच कुळांतले.

डाग असे टळले. धूळ मात्र टळली नाहीं. मोलकरणी कुंच्यानें झाडीत, वेताच्या काठीनें बडवीत, कोरडा कोंडा चोळून मळ काढीत. झटकलेली धूळ क्षणभर हवेंत तरंगे आणि पुन्हां तेथेंच बसे. मधल्या वेळांत ती झाडणारीच्या छातींत जाई, ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं.

१९०१ सालीं लंडनमध्यें ह्युबर्ट सेसिल बूथ ह्या इंजिनिअरनें धूळ फुंकून उडविणाऱ्या एका यंत्राचा प्रयोग पाहिला. फुंकण्यापेक्षां शोषून कां घेऊं नये, असें त्याच्या मनांत आलें. एका उपाहारगृहांत त्यानें मखमली आसनाच्या पाठीला तोंड लावून जोरानें श्वास ओढला, आणि धुळीनें त्याचा जीव गुदमरला! परंतु कल्पना सिद्ध झाली. त्याचें पहिलें यंत्र इतकें अवजड होतें कीं, तें घोड्यांनीं ओढून रस्त्यावर उभें करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरांत नेत. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे ह्याच यंत्रानें साफ झाले.

तें यंत्र घरांत आणलें जेम्स मरे स्पँगलर ह्यानें. ओहायो राज्यांतील कँटन गांवीं तो एका दुकानाची झाडलोट करी. त्याला दम्याचा विकार होता. विजेचा पंखा, झाडूचा दांडा आणि धूळ सांठविण्यास उशीचा अभ्रा, असा मेळ त्यानें बसविला. १९०८ सालीं त्याला पेटंट मिळालें, आणि तें हूव्हर ह्या कातडी सामानाच्या कारखानदारानें घेतलें. ज्याला धूळ बाधत होती त्यानेंच तिचा उपाय शोधावा, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें १९६४ च्या सुमारास हॉलंडमधील लायडेन येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, घरांतील धुळीनें होणाऱ्या त्रासाचें एक मोठें कारण म्हणजे गाद्या-गिरद्यांत राहणारे सूक्ष्म जीव (माइट) होत.

मग यंत्रानें गृहिणीचे श्रम वांचले काय? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन ह्यांनीं १९८३ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, यंत्रें आलीं तशी स्वच्छतेची अपेक्षा वाढली, आणि पूर्वीं नोकर व घरांतील इतर माणसें मिळून करीत तें काम एकट्या गृहिणीवर येऊन पडलें.

म्हणून श्रोतेहो, जुन्या बैठकीचें शहाणपण आजच्या कोचालाहि लावावें. अभ्रे सुटे व धुतां येतील असेच शिवून घ्यावे. धूळ झटकूं नये, शोषून घ्यावी. शिवणींच्या व उशांच्या फटी विसरूं नयेत. डाग ओल्या फडक्यानें टिपावा, पाणी ओतूं नये, कारण आंतली भर ओली राहिली कीं बुरशी येते. आणि कोचावर जे जे बसतात, त्या सर्वांनीं आळीपाळीनें तो साफ करावा. इतिहासाची ही बाकी अजून फेडावयाची राहिली आहे.