मेरितो

पात्रता, गुणवत्ता आणि कमावलेले श्रेय हे अर्थ सांगणारे स्पॅनिश पुल्लिंगी नाम. मूळ लॅटिन ‘मेरितुम’. ‘मेरेसेर’ (लायक असणे) हे क्रियापद त्याच घराण्यातले.

आघात पहिल्या अक्षरावर येतो आणि तिथल्या स्वरावर तिरकी खूण द्यावीच लागते. नवशिके ती हमखास गाळतात. मेक्सिकोत बिनखुणेचा ‘मेरितो’ हा निराळाच शब्द आहे: आघात ‘रि’वर, आणि ‘या मेरितो’ म्हणजे ‘झालंच, थोडंच राहिलंय’!

हा शब्द सुटा पाठ करून फारसा उपयोग नाही; तो क्रियापदांच्या जोडीनेच अंगवळणी पडतो. ‘तेनेर मेरितो’ म्हणजे कौतुकास पात्र असणे, तर ‘आत्रिबुइर्से एल मेरितो’ म्हणजे श्रेय लाटणे. अनेकवचनी ‘आसेर मेरितोस’ म्हणजे वरिष्ठांच्या नजरेत भरण्यासाठी राबणे. त्यात बरेचदा खोचकपणा असतो. पुढे पगारी जागा मिळेल या आशेवर फुकट काम करणारा उमेदवार तो ‘मेरितोरिओ’.

सरकारदरबारी मात्र शब्दाला वजन आहे. स्पेनच्या १९७८ च्या संविधानातील १०३ व्या कलमानुसार सरकारी सेवेत प्रवेश ‘मेरितो’ आणि क्षमता या तत्त्वांवर मिळतो. अनेक भरत्यांमध्ये परीक्षेखेरीज अनुभव व अभ्यासक्रमांचेही गुण धरतात. त्या जमेच्या बाबींनाच ‘मेरितोस’ म्हणतात. नागरी सेवेसाठीचा ‘ओर्देन देल मेरितो सिव्हिल’ हा सन्मान स्पेनचा राजा अल्फोन्सो तेरावा याने १९२६ मध्ये सुरू केला.

याच घराण्यातले ‘एमेरितो’ हे विशेषण निवृत्त प्राध्यापकांना लागते. २०१४ मध्ये पदत्याग केलेले स्पेनचे राजे हुआन कार्लोस पहिले यांनाही स्पॅनिश वृत्तपत्रे ‘रेय एमेरितो’ (निवृत्त राजा) म्हणतात.