छातीतला आवाज आणि शाळेची चिठ्ठी



आमच्या नावामागे लागलेले ‘डॉक्टर’ रसायनशास्त्रातले आहे. तरीही दर मे-जूनमध्ये एखाद्या घरून फोन येतोच : "शाळेतून चिठ्ठी आली. मुलीच्या हृदयात ‘शिन्झात्सुओन’ आहे म्हणतात. आता काय करायचे?" दोन वर्षांपूर्वी तशीच चिठ्ठी आमच्याही घरी आली. पुण्याला आजीला कळवायचे नाही असे ठरवून आम्ही ती पंधरा दिवस कपाटात ठेवली. ती आमची चूक होती. म्हणून त्या चिठ्ठीमागचा इतिहास येथे देत आहोत.

‘झात्सुओन’ म्हणजे नको असलेला आवाज. आपले डॉक्टर ‘मर्मर’ म्हणतात. हृदयाच्या झडपा मिटताना ‘लब-डब’ होते. रक्ताचा प्रवाह कुठे खळाळला, तर त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक आवाज उमटतो. हा आवाज म्हणजे रोग नव्हे. ती एक खूण आहे.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८४८ मध्ये डच वखारीचे डॉक्टर मोनिके यांनी तो नागासाकीला आणला. पुढे १९०९ मध्ये लंडनचे जॉर्ज स्टिल यांनी, ताणलेली तार छेडल्यासारखा निरुपद्रवी आवाज मुलांमध्ये ऐकू येतो, अशी नोंद केली. १९३३ पासून आवाजाच्या सहा पायऱ्या मोजतात. ती पद्धत अमेरिकेतील लेव्हाइन यांची.

पण नुसता मोठेपणा पुरत नाही. आवाज ठोक्याच्या कोणत्या भागात येतो, कुठे स्पष्ट ऐकू येतो, उठल्या-बसल्यावर बदलतो का, हे डॉक्टर पाहतात. मूल धडधाकट असेल, खेळताना दमत नसेल, आवाज मृदू असेल, तर तो बहुधा निरुपद्रवीच असतो. तापात तो वाढतोही. हृदय सैल पडतानाचा, म्हणजे ‘डब’नंतरचा आवाज मात्र नेहमी तपासावाच लागतो. मोठ्यांमध्ये रक्तक्षय किंवा गरोदरपण यांमुळेही मर्मर येते. परंतु लहानपणच्या घसादुखीतून आलेल्या संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली असू शकते, किंवा उतारवयात ती कडक झालेली असते. भेटीला आलेल्या आईवडिलांना जिना चढताना धाप लागली, चक्कर आली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये.

कानाने ऐकलेले डोळ्यांना दिसू लागले, त्यात जपानचा मोठा वाटा आहे. ओसाका विद्यापीठातील सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात डॉप्लरचे तत्त्व हृदयाला लावले. रुग्णवाहिका जवळ येताना भोंगा चढा आणि दूर जाताना खाली वाटतो, तेच हे तत्त्व. १९८० च्या दशकात अलोका कंपनीतील नामेकावा आणि कासाई यांनी वाहते रक्त पडद्यावर रंगांत दाखवले : यंत्राकडे येणारे लाल, दूर जाणारे निळे. आज बाळाच्या हृदयातले छोटे छिद्रही सुई न टोचता दिसते, आणि अशी काही छिद्रे आपोआप बुजतातही.

शाळेतली हृदयतपासणी १९७३ साली सक्तीची झाली. १९९५ पासून प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाचा ईसीजी काढतात. ईसीजीला मर्मर ऐकू येत नाही आणि स्टेथोस्कोपला ठोक्यांचे सगळे दोष कळत नाहीत. म्हणून दोन्ही करतात. सोबतच्या प्रश्नपत्रिकेत ‘कावासाकी रोग झाला होता का?’ असे विचारतात. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णिलेला हा आजार हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करू शकतो. उत्तर खरे लिहावे. मुलीच्या लग्नाची चिंता तिथे आणू नये.

चिठ्ठीत ‘सेइमित्सु केन्सा’ लिहिले असेल, तर अर्थ एवढाच की बारकाईने तपासा. दोष सापडला तर ‘ए’ ते ‘ई’ अशा वर्गांचा तक्ता मिळतो. ‘ए’ म्हणजे घरी किंवा रुग्णालयात उपचार. ‘ई’ म्हणजे जोरदार व्यायामालाही मुभा.

आमच्या मुलीचा आवाज निरुपद्रवी निघाला. पंधरा रात्री आम्ही उगाच जागलो. पण तिच्या हृदयात खरेच काही असते, तर तेच पंधरा दिवस वाया गेले असते. तेव्हा मंडळी, चिठ्ठी आली की आधी दवाखान्याची वेळ घ्या. जपानी वाचता येत नसेल तर फोन करा. आम्ही बरोबर येऊ.