डहाणूचा ‘ड’ कुठे गेला?

२००६ सालची गोष्ट. डहाणू-तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यात; पालघर जिल्हा झाला २०१४ ला. तिथल्या एका संस्थेसाठी मी नावनोंदणीचा छोटा प्रोग्राम लिहिला. ‘तलासरी’ झकास उमटायचं, पण ‘डहाणू’ टाइप केलं की नुसतं ‘हाणू’! टाइप करणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, हाणायचं कुणाला?"

उत्तर इतिहासात होतं. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला. १९९१ च्या इस्की प्रमाणकातही तो आला. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. पण आपली अक्षरं इंग्रजीच्या २६ कळांत मावेनात. मग ‘ड’ गेला चौकटी कंसावर, ‘च’ अर्धविरामावर, ‘य’ तिरप्या रेषेवर. ‘तलासरी’च्या सहाही कळा मात्र इंग्रजी अक्षरांच्याच.

आणि माझा कोड? ए ते झेड आणि स्पेस सोडून प्रत्येक कळ गिळणारा!

विंडोज दोन निरोप देतं: कुठली कळ दाबली, आणि त्यातून कुठलं अक्षर निघालं. मी पहिलाच ऐकत बसलो. दुरुस्ती दोन ओळींची. पण पाड्यांवरून आलेल्या लोकांना अर्ज भरायला पुन्हा यावं लागलं, रोज बुडवून. ते काही दोन ओळींत भरून निघत नाही.