टोपीची निगा : आकार कशाने टिकतो, हे आधी ओळखावे

नवी दिल्ली : सदरा मळला तर धुता येतो, चुरगळला तर इस्त्री करता येतो. टोपीचे तसे नाही. टोपीला टोपीपण येते ते तिच्या आकाराने, आणि तो एकदा बिघडला की घरच्या घरी पूर्ववत करणे बहुधा अवघड जाते. महाराष्ट्रातील पांढरी गांधी टोपी, हिमाचल प्रदेशातील लोकरी टोपी, काश्मीरमधील कराकुल, आसाममधील जापी, म्हैसूरचा जरीकाठी फेटा अशी शिरोभूषणांची मोठी विविधता भारतात आजही वापरात आहे. या प्रत्येकाचा आकार निराळ्या आधारावर उभा असतो. खादीच्या टोपीला खळ आणि घडी सावरते, फेल्टच्या टोपीला एकमेकांत गुंतलेले लोकरीचे तंतू, जापीला बांबूची वीण, तर पुणेरी पगडीला आतील साचा. हा आधार ज्याने सैल होतो, ते त्या टोपीपासून दूर ठेवणे, हेच निगेचे मूळ सूत्र होय.

सर्व टोप्यांसाठी समान नियम

टोपीचे सर्वाधिक नुकसान आतून होते. कपाळालगतच्या पट्टीत घाम आणि केसांचे तेल मुरते. घामातील पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. ते हवेतील ओलावा ओढून घेतात, डाग पाडतात आणि चामड्याची पट्टी कडक करतात. त्यामुळे टोपी काढल्यानंतर लगेच पेटीत किंवा कपाटात ठेवू नये. आतली पट्टी उलटवून ती सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्यावी. रोज टोपी घालणाऱ्याने दोन टोप्या आलटून पालटून वापरल्यास दोन्ही अधिक काळ टिकतात.

काठ असलेली टोपी काठावर टेकवून ठेवल्यास काठ वाकतो. ती माथ्यावर उलटी ठेवावी. उचलताना पुढचा चिमटीचा भाग धरू नये, कारण वारंवार दाब पडून घडी तिथेच चिरते. पावसात भिजलेली टोपी चुलीजवळ, हीटरसमोर किंवा कडक उन्हात वाळवू नये. पाणी झटकून आत कोरा, छपाई नसलेला कागद सैलसर भरावा आणि ती सावकाश वाळू द्यावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेमागे टोपी ठेवण्याची सवयही घातक असते. तेथील उष्णतेने रंग उडतो, चामडे आकसते आणि डिंकाचे जोड सुटतात.

सुती आणि खादीच्या टोप्या

निगेला सर्वांत सोपी टोपी सुताची. ओला झाल्यावर कापसाचा तंतू कमकुवत न होता उलट अधिक बळकट होतो, म्हणून गांधी टोपी निर्धास्तपणे धुता येते. मात्र घामाचा पिवळा डाग घालवण्यासाठी वारंवार क्लोरीनयुक्त विरंजक वापरणे टाळावे. त्याने कापड शुभ्र दिसले तरी तंतू झिजतो. कोमट पाण्यात साबणासह तासभर भिजवून पट्टी हाताने चोळणे पुरेसे असते. त्यानंतर नीळ, मग तांदळाची किंवा साबुदाण्याची पातळ खळ आणि किंचित दमट असतानाच इस्त्री, हा जुना क्रम आजही योग्यच आहे. दाट खळ दिल्यास घडीवर कापड लवकर फाटते.

टोपी दीर्घकाळ ठेवून द्यायची असेल, तर हाच क्रम उलटवावा. खळ हे कसरीचे खाद्य आहे. साठवणीत जाणारी टोपी खळ पूर्ण धुऊन, नीळ न देता, कोरडी करूनच ठेवावी. लखनौच्या चिकनकाम केलेल्या दुपल्ली टोपीला पिळू नये. ती पाण्यात हलकेच दाबून धुवावी आणि इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल अंथरून करावी, म्हणजे टाके चपटे होत नाहीत.

लोकर आणि फेल्ट

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घर्षण एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात व कापड दाटते. याच गुणधर्मातून फेल्ट तयार होते आणि याच गुणधर्मामुळे गरम पाण्यात धुतलेली लोकरी टोपी एका बोटाने लहान होऊन बाहेर येते. कुल्लूच्या टोपीवरील विणलेली नक्षीदार पट्टी किंवा बुशहरी टोपीची हिरवी मखमली पट्टी मूळ टोपीइतकी आकसत नाही. मग सगळी टोपीच वेडीवाकडी होते.

अशा टोप्यांना पाण्यापेक्षा ब्रशची गरज अधिक. मऊ केसांच्या ब्रशने लव ज्या दिशेने बसली आहे त्याच दिशेने धूळ झाडावी. धुणे अटळ असल्यास थंड पाणी आणि रिठ्याचे पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य द्रव वापरावा. चोळू वा पिळू नये आणि टोपी योग्य मापाच्या भांड्यावर चढवून वाळवावी. त्याआधी आतल्या शिवणीवर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का, हे पाहावे.

फेल्टची काळी टोपी किंवा काठाची हॅट मात्र बुडवूच नये. तेलकट डागावर मक्याचे पीठ पसरून काही तासांनी झाडावे; फिकट फेल्टसाठी हा उपाय विशेष उपयोगी, तर काळ्या फेल्टवर पांढरट पूड राहू नये म्हणून ब्रश काळजीपूर्वक फिरवावा. माथा दबला असल्यास उकळत्या पाण्याची वाफ वीतभर अंतरावरून द्यावी आणि तंतू मऊ होताच आतून बोटांनी आकार सारखा करून टोपी थंड होईपर्यंत हलवू नये.

कराकुल

कराकुल टोपी ही लोकर विणून केलेली नसते. ती कराकुल मेंढीच्या कोकराच्या केसाळ कातड्याची असते. त्यामुळे येथे केस आणि कातडे या दोहोंची काळजी घ्यावी लागते. पाण्याने कमावलेले कातडे ताठरते, उष्णतेने तडकते. हलक्या पावसात भिजल्यास झटकून वाळवणे एवढेच करावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत कातड्याला हवा मिळत नाही आणि बुरशी धरते; सुती पिशवी व टणक पेटी हीच योग्य जागा. साफसफाई जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी.

रेशीम, मखमल आणि जर

पगडी, म्हैसूर पेटा किंवा लग्नसमारंभातील जरीच्या फेट्यावर अत्तर किंवा सुवासिक फवारा थेट मारू नये. चांदीची जर हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळवंडते. ती मऊ, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावी. उलगडता येणारा फेटा दर काही महिन्यांनी उघडून नव्या जागी घडी घालावी, अन्यथा जर व रेशीम घडीवर तुटते. पुणेरी पगडी बांधून कायम केलेली असते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ती उलगडण्याचा किंवा धुण्याचा प्रयत्न करू नये. आत मऊ कापडाचा आधार देऊन पेटीत ठेवावी. मखमलीवर इस्त्री फिरवल्यास दबलेली लव पुन्हा उभी राहत नाही. तिला दुरून वाफ पुरे.

बांबू, पाने आणि गवत

आसाममधील जापी बांबू आणि टोको ताडाच्या पानांपासून, मेघालयातील खासी शेतकऱ्यांचे क्नुप बांबूपासून, तर कोकणातील भातलावणीचे इरले बांबूच्या कामट्या आणि पानांपासून बनते. या वस्तू पावसासाठीच आहेत. त्यांचा शत्रू पाऊस नव्हे, तर नंतरची कोंदट साठवण. वापरानंतर त्या भिंतीला टेकवून न ठेवता टांगाव्यात. खाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली, तर बांबू पोखरणारे भुंगेरे शिरले असे समजावे आणि ती वस्तू इतरांपासून तातडीने वेगळी करावी.

गवताच्या किंवा पानतंतूच्या टोप्यांचे उलट आहे. इक्वेडोरमध्ये विणल्या जाणाऱ्या, पण पनामा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोपीसारखी विणकामाची टोपी अति कोरड्या हवेत ठिसूळ होते. उत्तर भारतातील उन्हाळ्यात ती दुमडल्यास तंतू तुटतात. किंचित दमट फडक्याने पुसल्यास लवचिकपणा परततो.

खेळाच्या टोप्या

पुढचा ताठ भाग असलेल्या टोप्यांत, विशेषतः जुन्यांत, पुठ्ठा असू शकतो. बोटाने टिचकी मारल्यास पुठ्ठ्याचा पोकळ आवाज येतो. शंका असल्यास टोपी यंत्रात न टाकता फक्त आतली पट्टी साबणाच्या फडक्याने पुसावी.

साठवण आणि कीड

लोकर, फेल्ट आणि केसाळ कातडे कपड्यांच्या पतंगाच्या अळ्या खातात. घामाचे डाग त्यांना अधिक आकर्षित करतात. म्हणून साठवण्यापूर्वीची स्वच्छता हाच पहिला प्रतिबंध. डांबराच्या गोळ्या कापडाला वा जरीला टेकू देऊ नयेत आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. कीड लागलेली लोकरी टोपी कोरडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सियसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवल्यास अळ्या व अंडी मरतात. बाहेर काढल्यावर टोपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा आत दव धरते. साच्याची पगडी किंवा डिंकाने जोडलेली टोपी या उपायासाठी योग्य नाही.

कधी धुऊ नये

अनेक घरांत आजोबांची टोपी, स्वातंत्र्यलढ्यातील एखादी खादीची टोपी किंवा वडिलांच्या लग्नातला फेटा जपून ठेवलेला असतो. अशी वस्तू वापरातल्या टोपीप्रमाणे शुभ्र करण्याचा मोह टाळावा. घामाचा डाग, विरलेली घडी, हाताने घातलेला टाका या तिच्या वापराच्या खुणा आहेत आणि एकदा धुतल्या की त्या परत येत नाहीत. क्रिकेटपटू शेन वॉर्न यांची कसोटी टोपी जानेवारी २०२० मध्ये वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावात निघाली, तेव्हा तिला १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक किंमत आली. ती किंमत कापडाची नव्हती, ती घालून खेळलेल्या माणसाची होती.

वारशाच्या टोपीवरील सैल धूळ मऊ ब्रशने झाडावी, आत आम्लरहित कागदाचा आधार द्यावा, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावी आणि पावसाळ्यानंतर वर्षातून एकदा उघडून पाहावी. ती कोणाची, कोणत्या वर्षाची, केव्हा घातली जाई, हे एका चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून पेटीत ठेवावे. कापड टिकले आणि माणसाचे नाव विसरले गेले, तर जपणुकीचे निम्मे काम वाया जाते.